पहिल्या पानाची हमी

किहीमच्या एसटी थांब्याच्या अलीकडे, चिंचेच्या सावलीत, एक छोटा गाळा आहे. त्यावर बरीच वर्षं निळी पाटी होती. 'थळे वेब सर्व्हिस. कॉटेजची वेबसाइट करून मिळेल. पहिल्या पानाची हमी.' मुंबई-पुण्याचा माणूस गुगलवर 'अलिबागला राहायची सोय' असं शोधू लागला की नावांची यादी समोर येते. त्या यादीच्या पहिल्या पानावर तुमच्या कॉटेजचं नाव आणून देतो, असा त्या हमीचा अर्थ. गाळ्यात येईल त्याला जीवन थळे तो अर्थ खुर्चीवर मांडी घालून समजावायचा. "दुसऱ्या पानावर कोण जातो हो? बाजारात पहिल्या टोपलीत वांगी बरी दिसली तर तुम्ही शेवटच्या टोपलीपर्यंत जाता का?"

गावाने मग त्याचं नावच 'पहिलं पान' ठेवलं. लग्नाच्या पंगतीत तो बसला की वाढपी ओरडायचे, "अरे, इकडून सुरुवात करा, पहिलं पान इथं बसलंय!" आणि जीवन हसून भाताला जागा करायचा.

मनाने माणूस सरळ. संकष्टी चुकवायचा नाही. कोणाच्या दारी वाईट घडलं तर गाळा बंद करून आधी पोचायचा. पण धंद्यापुरता त्याने एक समज करून घेतला होता, की माणसाला माया लागते आणि यंत्राला युक्ती. यंत्राशी केलेली लबाडी ही लबाडी नव्हेच, असं तो धरून चालायचा.

वडील नारळ पाडायचे. जीवनला उंचीची भीती. म्हणून बारावीनंतर तो उरणला एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात लागला. तिथे शेठची वेबसाइट बघायला एक माणूस यायचा. त्याच्या मागे उभा राहून राहून जीवन ती विद्या शिकला आणि गावी परतला. त्याच सुमारास त्याचा चुलतभाऊ अनंता तापाचं निमित्त होऊन गेला. मागे राहिली जनीवहिनी, शाळकरी अल्पेश, घरामागची नारळ-सुपारीची वाडी आणि वाडीतल्या दोन खोल्या. वहिनीच्या हाताला चव होती. पाहुणे ठेवायचं तिने ठरवलं, आणि जीवनने जन्मातली पहिली वेबसाइट केली ती तिची.

तेव्हाची युक्ती अशी होती. पानाच्या तळाशी, पांढऱ्या जागेवर पांढऱ्याच अक्षरांत लिहायचं : अलिबाग कॉटेज, स्वस्त कॉटेज, बीच कॉटेज, नागाव कॉटेज, काशीद कॉटेज, आणि पुन्हा अलिबाग कॉटेज. माणसाला ती अक्षरं दिसायची नाहीत. यंत्र मात्र वाचायचं आणि समजायचं, की ह्या पानावर अलिबागविषयी केवढं तरी लिहिलेलं आहे. आणि खरोखर वहिनीच्या स्वयंपाकघरात फोन वाजू लागला. त्या दसऱ्याला वहिनीने विळीला, पाट्याला आणि फोनलाही झेंडूचं फूल वाहिलं.

मग वाडीवाडीतून माणसं आली. "जीवन, आमचं पण करून दे रं." जीवनने सगळ्यांना तेच पान दिलं, नावं तेवढी बदलून. 'नारळी-पोफळीच्या कुशीत, निळ्या समुद्राच्या मिठीत, घरगुती आपुलकी.' ज्याचं घर हमरस्त्याला गॅरेजच्या मागे, त्यालाही निळ्या समुद्राची मिठी. कोणी हरकत घेतली नाही. शेजाऱ्याकडे समुद्र आहे आणि आपल्याकडे नाही, हे कोणाला आवडतं?

पण ही विद्या टिकाऊ नव्हती. एके वर्षी पांढऱ्या अक्षरांना यंत्र भुलेनासं झालं आणि गावची नावं खाली घसरली. जीवन पुन्हा शिकला. आता म्हणे दुसऱ्यांच्या वेबसाइटवर तुमचं नाव हवं. त्याने ओळखीपाळखीने उरणच्या टायरवाल्याच्या आणि तळा गावच्या लाकूड वखारीच्या वेबसाइटवर जनीवहिनीच्या कॉटेजचं नाव घालून घेतलं. टायर बघायला आलेल्या माणसाला तिथे सोलकढीची जाहिरात दिसायची. तेही यंत्राने ओळखलं. मग सगळं फोनच्या छोट्या पडद्यावर बसवायचं आलं. मग नकाशावर घर दाखवायचं आणि पाहुण्यांकडून तारे मागायचे, पाचपैकी किती देता ते. दर थोड्या वर्षांनी जीवन नव्याने शिष्य व्हायचा. त्याची बायको जागृती म्हणायची, "सगळ्यांना पुढं आणता, आणि आपल्या घरातलं गळकं कौल तेवढं कधीच नंबरात येत न्हाय."

त्याची एक सवय मात्र बदलली नाही. नवी युक्ती आली की ती तो जुनीवर चढवायचा, जुनी काढायचा नाही. 'चालत नाही ना आता? मग राहिली पडून तर काय बिघडतं,' असं त्याचं म्हणणं.

ह्या वर्षी गणपती गेले आणि जनीवहिनीचा फोन गप्प झाला. इतरांचेही थंडच होते, पण वहिनीचा अगदीच. माणूस आता यादी बघतच नव्हता. फोनला सरळ प्रश्न विचारायचा आणि यादीच्याही वर तयार उत्तर यायचं, चार ओळी आणि दोन-तीन नावं. पान उघडायची गरजच उरली नव्हती. त्या उत्तरात मोठ्या रिसॉर्टांची नावं यायची. किहीमची सगळी घरं त्याच त्या शब्दांत बोलत होती, तेव्हा यंत्राने त्यातलं एखादं ऐकलं असेल आणि बाकीची सोडून दिली असतील.

अल्पेश आता उरणला नोकरीला होता, बायकोमुलीसह तिथेच राहायचा. एका रविवारी तो आला तो मुंबईच्या एका कंपनीचे कागद घेऊन. कंपनी दोन्ही खोल्या भाड्याने घेणार, रंगवणार, आपला मॅनेजर बसवणार. जेवण बाहेरून येणार.

"म्हंजे माझी चूल बंद," जनीवहिनी म्हणाली.

"आई, तू आराम कर ना. किती दिवस लोकांचे मासे तळणार?"

"आरामाला मी काय आजारी हाय? बाबा गेल्यावर ह्याच चुलीनं तुला मोठा केला. ती पेटत व्हती म्हणून मी उभी व्हते."

अल्पेश काही वाईट मुलगा नव्हता. त्याला आईची दगदग बघवत नव्हती आणि रिकाम्या खोल्याही बघवत नव्हत्या. शेवटी मायलेकांत ठरलं. दिवाळीच्या सुट्टीसाठी एक तरी पाहुणा स्वतःहून आला तर खोल्या वहिनीकडेच. वसुबारसेपर्यंत कोणी आलं नाही, तर सही. ओटीवर बसलेला जीवन हे ऐकत होता. अल्पेश जाता जाता त्याला म्हणाला, "काका, राग मानू नका, पण तुमचा जमाना गेला. आता कोण वेबसाइट बघतंय? फोनला विचारायचं, फोन बोलणार, खल्लास."

ते जीवनला लागलं. तो वहिनीला म्हणाला, "वहिनी, तू घोर करू नको. मी आणतो पाहुणा."

नवरात्र आलं. गावदेवीच्या देवळापुढे मांडव पडला. आरती फोनवर दिसावी म्हणून मांडवातलं वायफाय जीवननेच बसवलं होतं. अष्टमीच्या भंडाऱ्याला सगळं गाव पंगतीला बसलेलं, आणि सगळ्यांचे फोन त्या एका वायफायला जोडलेले. जीवनच्या डोक्यात विचार चमकला. तारे! गावच्या तोंडून वहिनीची तारीफ झाली तर यंत्र वळेल. तो पंगतीतून फिरू लागला. "मावशी, फोन द्या बघू. जनीवहिनीला पाच तारे द्या. दोन ओळी लिहा. देवीचं नाव घेऊन लिहा."

वहिनीवर गावाची माया. कोणी नाही म्हणेना. बुंदी खात खात लोक लिहू लागले. 'जेवण फार छान, गावदेवी प्रसन्न.' 'जनीकाकूंना देवी सुखी ठेवो.' ज्यांनी उभ्या जन्मात वहिनीच्या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं, त्यांनी गाद्या मऊ असल्याचं लिहिलं. वहिनीच्या कुंपणापलीकडे राहणारे भिकूतात्या एका बोटाने बराच वेळ टाइप करत बसले होते. त्यांनी लिहिलं, 'मी बाजूला राहतो. पाहुण्यांचा आवाज येत नाही. माशाचा वास येतो. एक नंबर.' आणि तारा दिला एक.

"तात्या, एक काय दिलात! पाच द्यायचे."

"एक नंबर म्हंजे सगळ्यांत वर. पाच म्हंजे पाचवा. मला शिकवतो का?"

जीवनने कपाळावर हात मारला. पण बाकीचे पाच तारे होते, त्यामुळे तो खुशीत होता. स्वयंपाकाच्या चुलीपाशी राबणाऱ्या वहिनीला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी तिला ठाण्याच्या तिच्या एका जुन्या पाहुण्याचा फोन आला. "काकू, तुम्ही बंद केलंत का? नकाशावर दिसत नाही आता तुमचं घर."

वहिनी तशीच गाळ्यावर आली, हाताला पीठ लागलेलं. जीवनचा चेहरा आधीच उतरला होता. एका जागेवरून, एका तासात, सगळ्या गावाचे तारे आले, तेव्हा यंत्राने ते खोटे धरले होते. ते काढून टाकले होतेच, वर वहिनीचं घरच नकाशावरून उतरवलं होतं. त्याने अडखळत सगळं सांगितलं.

वहिनी उभीच राहिली. "देवीच्या मांडवात?" तिने विचारलं. "प्रसादाचं ताट हातात असताना खोटं लिवायला लावलंत माणसांना, माझ्यासाठी?"

"वहिनी, खोटं काय त्यात. तुझं जेवण चांगलंच आहे की. आणि ते यंत्र आहे, त्याला काय…"

"वाचणारं यंत्र हाय का भावजी? ती गाद्या मऊ हायेत हे वाचून कोणी पोराबाळांना घेऊन आला असता, तो काय यंत्र?" आणि ती निघून गेली.

घरी जीवन जेवला नाही. जागृतीनेही त्या दिवशी टोमणा मारला नाही, नुसतं ताक आणून ठेवलं.

सकाळी तो वहिनीची माफी मागायला गेला तेव्हा ती देवघरापुढे बसली होती. आदल्या दिवशीची जास्वंद, तगर, दूर्वा, सगळं निर्माल्य परडीत काढत होती. देव रिकामे झाले, ओल्या फडक्याने पुसून झाले, मगच तिने ताज्या फुलांना हात लावला. जीवन दारात उभा राहून बघत राहिला. रोज त्याच्या घरीही हेच व्हायचं. पण गाळ्यात बसून इतकी वर्षं त्याने काय केलं होतं? सुकलेल्या फुलांवर नवी फुलं चढवत गेला होता.

माफी मागायची राहून गेली. तो गाळ्यावर आला आणि वहिनीचं पान उघडून सगळ्या मजकुरावरून एकदा माउस फिरवला. मजकूर निळा झाला, आणि तळाच्या रिकाम्या पांढऱ्या जागेतून त्याची पहिली अक्षरं वर आली. अलिबाग कॉटेज, स्वस्त कॉटेज, नागाव, काशीद. अनंता गेल्याच्या वर्षी त्यानेच लिहिलेली, अजून तिथेच. जीवनच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा तो किती घाईने, किती मायेने ते लिहीत होता! भावाच्या बायकोचा फोन वाजावा एवढंच त्याला हवं होतं.

त्याने ती पुसली. टायरवाल्याला आणि वखारवाल्याला फोन करून तिथली नावं काढायला सांगितली. निळ्या समुद्राची मिठी काढली. पान अगदी कोरं झालं.

मग तो पुन्हा वहिनीकडे गेला. "वहिनी, फोनवर पाहुणे तुला काय काय विचारतात? आणि तू काय सांगतेस?"

वहिनी अजून घुश्श्यात होती. खोबरं किसता किसता म्हणाली, "विचारतात समुद्र दिसतो का. मी सांगते, न्हाय दिसत. मधे दोन वाड्या हायेत. रात्री ऐकू येतो."

"अजून?"

"म्हातारी माणसं चालतील का? चालतील. मागच्या खोलीला पायरी न्हाय, सासूबाईंसाठी तशी बांधलेली. संडासात धरायला दांडा हाय. पुढच्या खोलीत न्हाय. सोमवारी मासे मिळणार न्हाय, माझा उपास असतो, भाजी-भाकरी खावी लागंल. पंखा आवाज करतो. माकडं येतात, कपडे बाहेर वाळत घालू नका." ती थांबली. "हे लिवणार काय तुम्ही? पंखा आवाज करतो हे वाचून कोण येणार हाय?"

"येईल तो तरी भांडणार नाही," जीवन म्हणाला.

त्याने तिच्याच बोलण्यात ते लिहून काढलं. वाडीचे, खोल्यांचे, संडासातल्या दांड्याचेसुद्धा फोटो स्वतः काढले. मग नकाशावाल्यांना अर्ज केला. आजवर असल्या अर्जात तो 'तांत्रिक चूक' असं लिहायचा. ह्या वेळी लिहिलं, 'ते अभिप्राय आमच्या गावच्या लोकांचे होते. ते इथे राहिलेले नव्हते. मी लिहायला सांगितले. चूक माझी आहे, घर चालवणाऱ्या बाईंची नाही.' यंत्रापुढे कबुली द्यायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती.

तेवढ्यावर तो थांबला नाही. ज्यांना ज्यांना तेच पान दिलं होतं, त्यांच्या दारी गेला. "तुमचं पान आणि शेजारच्यांचं पान एकच आहे. मला पुन्हा बसून तुमचं तुमचं लिहायला लागेल." काहींनी चहा दिला. काही भडकले. एकाने सरळ नवी मुंबईच्या एजन्सीला काम दिलं आणि वर ऐकवलं, "तुझी हमी व्हती ना रं?" जीवनने त्या दुपारी शिडी लावली आणि पाटीवरची शेवटची ओळ निळ्या रंगाने झाकून टाकली. ओळ गेली तरी उन्हात ती जागा थोडी उंचवट्यासारखी दिसत राहिली.

दिवस जात होते. कोजागिरी झाली. अल्पेशचा फोन आला, "आई, कागद तयार आहेत हां." वहिनीने कंदील काढून पुसायला घेतला, पण तिचा हात चालत नव्हता. जीवन रोज गावदेवीला जायचा आणि काही न मागता परत यायचा. मागायला त्याला तोंड नव्हतं.

मग एके सकाळी नकाशावर घर परत दिसू लागलं. गावचे पाच-पाच तारे सगळे गेलेले. जुन्या पाहुण्यांचे काही खरे अभिप्राय उरले होते, आणि त्यांच्यावर, सगळ्यांत वर, भिकूतात्यांचा एक तारा. 'मी बाजूला राहतो. पाहुण्यांचा आवाज येत नाही. माशाचा वास येतो.' यंत्राला गावातला तेवढा एकच माणूस खरा वाटला होता!

जीवन पळत तात्यांकडे गेला. "तात्या, तो तारा काढा हो."

"चांगला दिलेला कशाला काढू? आणि कसा काढतात ते मला कुठं ठाऊक हाय."

वहिनी कुंपणाशी उभी राहून ऐकत होती. भंडाऱ्यानंतर ती पहिल्यांदा हसली. "ऱ्हाऊ द्या भावजी. माशाचा वास येतो हे खरंच हाय की."

वसुबारस उद्यावर आली. अल्पेश कागद घेऊन त्या संध्याकाळी यायचा होता. वहिनीने त्याच्यासाठी घावन घालायला घेतले होते. जीवन ओटीवर बसून होता, कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं. आणि फोन वाजला.

वहिनीने हात पुसून उचलला. पलीकडे डोंबिवलीच्या कोणी बाई होत्या. त्यांच्या वडिलांना वॉकर लागत होता. त्यांनी फोनला विचारलं होतं, अलिबागच्या बाजूला पायरी नसलेली खोली आणि संडासात आधाराचा दांडा असलेलं घरगुती ठिकाण आहे का. फोनने जे उत्तर दिलं, त्यात वहिनीच्या पानावरची ओळ होती.

"दांडा हाय ना, हाय," वहिनी मोठ्याने सांगत होती. "पायरी न्हाय. व्हय, व्हय, मागची खोली. पाडव्याला या न् भाऊबीज करून जा." मग ती जरा थांबली, आणि जीवन ओटीवरून उठून दारात आला. "न्हाय हो ताई, आधीच सांगते. समुद्र दिसत न्हाय. मधे दोन वाड्या हायेत." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. वहिनी खिडकीबाहेर भिकूतात्यांच्या घराकडे बघत हसू दाबत म्हणाली, "व्हय, ते शेजारीच हायेत आमचे. ते वाचून फोन केलात का? बरं बरं. वास येतो, खोटं कशाला बोलू."

अल्पेश आला तेव्हा फोन ठेवून झाला होता. त्याने आईचा चेहरा बघितला, काकाकडे बघितलं आणि कागदांची पिशवी खुंटीला अडकवून पाटावर बसला. "एकच पाहुणा ना?"

"एकच ठरला व्हता," वहिनी म्हणाली आणि त्याच्या ताटात घावन टाकला. "भावजी, तुम्ही पण बसा. उगाच दारात काय उभे?"

जीवन आत येऊन बसला. तव्यावर दुसरा घावन चुरचुरत होता. वाडीपलीकडून भरतीचा आवाज येत होता.